कठड्याच्या आत

ऐका, मी पहिल्यापासून सांगते. मधूनच सुरू केलं तर तुम्हाला वाटेल आमच्या घरात सगळे वेडे आहेत. थोडेफार आहेत, पण तो विषय वेगळा.

आमचं गाव हॅल्बरथॉर्प, लिंकनशरमध्ये. एका बाजूला टेकड्या संपतात आणि दुसऱ्या बाजूला चर खणून कोरडी केलेली सपाट शेतं सुरू होतात, त्याच्या बरोबर मधे. बसमध्ये डुलकी लागली तर गाव कधी येऊन गेलं कळायचंही नाही. एक चर्च, एक चॅपेल, एक पब, संपलं. आणि चर्चमध्ये सर अँब्रोज ट्रेसिंगमचं थडगं. चारशे वर्षांपूर्वी सगळं गाव यांच्या मालकीचं होतं. संगमरवराचे सर अँब्रोज आणि त्यांची बायको शेजारी शेजारी झोपलेत, हात जोडलेले, दोघांची नाकं तुटलेली. भोवती कमरेएवढा लोखंडी कठडा, त्याला एक छोटं फाटक.

आता गंमत अशी की आमचंही आडनाव ट्रेसिंगम. आणि आमचे आजोबा, विल्फ, यांनी जन्मभर यंत्राने चर साफ केले. त्यांच्या वडिलांनी ते फावड्याने केले. म्हणजे सरदाराचं आडनाव आणि गुडघ्याएवढा चिखल. त्यामुळे पबमध्ये, दुकानात, बसस्टॉपवर, सगळीकडे आजोबांना एकच नाव. लॉर्डसाहेब. हे नाव ठेवलं सिरिल मॉटलींनी. आम्ही त्यांना सिरिलकाका म्हणतो. आजोबांच्या वर्गातले, चर्चची घंटा वाजवणारे, आणि आयुष्यभर हा एकच विनोद करणारे. आजोबा आले की खुर्चीतून अर्धवट उठायचं आणि म्हणायचं, "या लॉर्डसाहेब, आज कोणत्या जहागिरीतून?"

आजी गेल्यावर आजोबांनी पूर्वज शोधायला घेतलं. दर आठवड्याला बस पकडून लिंकनला जायचं आणि जुनी दप्तरं उपसायची. मी लहान असताना मलाही न्यायचे. मला तिथलं बघायला काही मिळायचं नाही, पण परतताना प्लम ब्रेडचा, म्हणजे मनुका घातलेल्या गोड पावाचा, तुकडा मिळायचा, म्हणून मी जायची.

तर त्यांना काय सापडलं ते सांगते, कारण ते खरंच भयंकर आहे. सर अँब्रोजचा नातू सर लायनल. देशात यादवी पेटली तेव्हा हा राजाच्या बाजूने लढला आणि हरला. जिंकलेल्यांनी त्याला लंडनला नेऊन थेम्स नदीत उभ्या असलेल्या एका जहाजाच्या तळाशी कोंडलं. तिथे तो तापाने मेला. घर जप्त, शेतं जप्त, भांडीसुद्धा जप्त. बायको डोरोथी आणि लहान मुलगा रस्त्यावर. तिने सरकारकडे अर्ज केला, की नवरा मेलाय, मुलगा उपाशी आहे, आमच्याच जमिनीतला पाचवा हिस्सा तरी द्या. असा नियम होता तेव्हा. मिळाला की नाही माहीत नाही. त्या अर्जानंतर दोघं कागदावरून गायबच होतात. घर आणि जमीन गेली लायनलच्या चुलतभावाकडे, कारण तो जिंकणाऱ्यांच्या बाजूला होता. पुढे नवा राजा गादीवर आला, तरी ती चुलतभावाकडेच राहिली.

आणि मग चाळीसेक वर्षांनी गावात एकदम एक नथॅनिएल ट्रेसिंगम उगवतो, चर खणणारा. त्याच्यापासून आजोबांपर्यंत साखळी पक्की आहे. लायनलपर्यंत वरची साखळीही पक्की. मधे भोक. त्या वर्षांत गावात पाद्रीच नव्हता, कोण जन्मलं, कोण मेलं, काही लिहिलेलंच नाही.

आजोबांनी ती थुंकी पाठवायची चाचणीसुद्धा केली. उत्तर आलं की तुम्ही बहुतेक पूर्व इंग्लंडचे आहात. सिरिलकाका म्हणाले, पैसे मला दिले असतेस तर मीच सांगितलं असतं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण गेल्या शरद ऋतूत मिस ऑनर ट्रेसिंगम गेल्या.

मिस ऑनर त्या चुलतभावाच्या वंशातल्या शेवटच्या. मोठं घर त्यांच्या वडिलांनीच विकलं होतं, त्या स्वतः एका छोट्या बंगलीत राहायच्या, तीन कुत्री आणि एक गळका नळ. पण दर वर्षी लेडी डेला, म्हणजे मार्चच्या पंचवीस तारखेला, त्या थडग्यापाशी उभ्या राहून गावाला पाव वाटायच्या. सर अँब्रोजनी त्यासाठी एक शेत ठेवलंय. शेताच्या भाड्यातून पाव भाजायचे, आणि त्यांच्या रक्ताच्या माणसाने कठड्याच्या आत, थडग्याच्या पलीकडे उभं राहून, दगडावरून हात लांब करून ते द्यायचे. घेणारे कठड्याबाहेर. पाव हातात आला की तो एकदा दगडावर ठोकायचा आणि निघायचं. ठोकायचं का, विचारू नका, ठोकायचं. आणि अट एकच. देणारं रक्ताचं माणूस उरलं नाही तर पाव बंद, शेत बिशपच्या खजिन्यात.

आमच्याकडे म्हणतात की आता ही नुसती मजा आहे, भुकेने कोण येतंय. पण चार-पाच घरं आहेत, त्यांना विचारा. ती घरं पिशवी घेऊन येतात.

तर मिस ऑनर गेल्या आणि आजोबा आमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, मी उभा राहणार. आईने चहाचा कप खाली ठेवला. कारण आजोबा चॅपेलवाले, म्हणजे चर्चपासून फुटलेल्या पंथाचे. लहानपणापासून त्यांनी चर्चच्या दारात पाय टाकलेला नाही. लग्न चॅपेलमध्ये, बाबांचं बारसं चॅपेलमध्ये, आजीला निरोप दिला तो चॅपेलमध्ये. चर्चसमोरून जायचं झालं तरी पलीकडच्या फुटपाथने जाणार.

त्याचं कारण फक्त मला माहीत होतं. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा जुना, दुसऱ्या कुणाचा कोट घालायला नको म्हणून रडत बसले होते. तेव्हा त्यांनी सांगितलं, एकदाच. त्यांच्या लहानपणी घरात खायचे वांधे होते आणि लेडी डेला त्यांची आई त्यांना पाव घ्यायला न्यायची. गाव सगळं कठड्याबाहेर गर्दी करून उभं असायचं, आणि या मायलेकरांना मात्र फाटक उघडून आत उभं करायचे. थडग्याच्या अलीकडच्या बाजूला, एकटे, सगळ्यांच्या नजरेसमोर. लोखंड पाठीला गार लागायचं. बाहेरची पोरं हसायची. पुढे असायचा सिरिल. पिंजऱ्यातला लॉर्ड, म्हणायचा. ते 'लॉर्डसाहेब' तिथून आलेलं आहे, कळलं? आडनाव नंतर चिकटलं त्याला. बारा वर्षांचे झाल्यावर आजोबांनी आईला सांगितलं की मी उपाशी राहीन पण तिथे येणार नाही. त्यानंतर ती काही वर्षं एकटी गेली.

असो. फेब्रुवारीत चर्चच्या मंडळाची बैठक झाली. चर्चच्या कारभारीण आहेत मॉरीन पास्क. पास्कबाई लग्न होऊन नॉटिंगहॅमहून आल्या, तीस वर्षं झाली, अजून गावात त्यांना नवीनच समजतात. म्हणूनच की काय, गावचा एकेक नियम त्यांना गावापेक्षा जास्त पाठ. आजोबा काळा सूट घालून गेले आणि मी वंशावळ घेऊन गेले. भिंतीला लावायच्या कागदाच्या उलट्या बाजूवर काढलेली, उलगडली तर टेबलावरून खाली लोंबेल एवढी. पास्कबाईंनी चष्मा लावून सगळी वाचली. मग नथॅनिएलच्या वरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"विल्फ, इथे काय आहे?"

"यादवी," आजोबा म्हणाले.

सिरिलकाका बिस्किट खाता खाता हसले. पास्कबाई नाही हसल्या. त्या नीटच बोलल्या, मला राग नाही त्यांचा. म्हणाल्या की नाव काय, मालकाचं नाव नोकरही लावायचे, अर्ध्या परगण्यात ट्रेसिंगम भरलेत. मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरच्यांनी कधी पाव घेतलाय का?

आणि आजोबा म्हणाले, "नाही. कधीच नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचा हिशेब असा, की घेणाऱ्याच्या घरातला माणूस देणारा कसा असेल? एकदा पाव घेतला असं म्हटलं की आपण सरदार नाही हे आपणच कबूल केलं. सिरिलकाका बिस्किट चघळायचे थांबले. पास्कबाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, लेडी डेच्या आधी पुन्हा बसू, तोपर्यंत काही मिळालं तर आणा. नाही मिळालं तर बिशपना कळवावं लागेल.

आजोबा लिंकनला धावले. सापडणार काय होतं? वीस वर्षांत नाही सापडलं.

आता पुढचं ऐका, कारण इथे मी येते. मला कॉलेजसाठी सेवेचे तास भरायचे होते, म्हणून शनिवारी मी पास्कबाईंबरोबर चर्च झाडायला जायची. थडग्यावर धूळ होती. मी फडकं घेतलं आणि कठड्याचं फाटक उघडायला लागले, तर त्यांनी मागून माझी बाही धरली, अशी की शिवण उसवली.

"आत नाही जायचं."

मी म्हटलं, पुसायचंय ना. तर त्यांनी कोपऱ्यातून लांब काठीला बांधलेला पोछा आणला आणि बाहेरूनच सर अँब्रोजचं पोट पुसायला लागल्या. म्हणाल्या, कठड्याच्या आत घराण्याचं रक्त आणि घराण्याच्या सुना सोडून कुणी पाऊल टाकायचं नाही, सर अँब्रोजच्या बायकोने घालून दिलंय, आणि या गावाने सगळं मोडलं असेल पण हे मोडलेलं नाही. व्हिकर, म्हणजे चर्चचा पाद्री, तोसुद्धा बाहेर उभा राहून प्रार्थना म्हणतो. पाईप दुरुस्त करायला माणूस आला होता, त्यालाही जमिनीवर झोपून गजांमधून हात घालायला लावला. मिस ऑनर आजारी असताना एका वर्षी त्यांची कामवाली त्यांना धरून आत आली तर गावाने महिनाभर तोंड वाकडं केलं.

मी विचारलं, "पहिल्यापासून असंच?"

"पहिल्यापासून. का गं?"

मी म्हटलं काही नाही. फडकं तिथेच टाकलं आणि सुटले.

आजोबा त्यांच्या भाजीच्या मळ्यात होते, लीक म्हणजे जाड पातीचा कांदा उपटत. मी धापा टाकत सगळं सांगितलं, सगळं एकदम, त्यामुळे पहिल्यांदा त्यांना वाटलं चर्चला आग लागली. मग कळलं तेव्हा ते चिडले. म्हणाले, ते मी तुला सांगितलं होतं, गावाला सांगायला नाही. आम्हाला आत ठेवायचे कारण आम्ही सगळ्यात भिकारी, आणि ते सगळ्यांनी बघावं म्हणून.

मी म्हटलं, "आजोबा, पाईपवाल्याला आत येऊ दिलं नाही त्यांनी. व्हिकरला येऊ देत नाहीत. तुम्हाला का येऊ दिलं?"

ते बादली उलटी करून तिच्यावर बसले. हातातल्या लीकची माती अंगठ्याने काढत राहिले, ती निघाली तरी काढत राहिले.

"आई म्हणायची, खांदे मागे घे," ते म्हणाले. "दर वेळी. फाटकातून आत जाताना. खांदे मागे, विल्फ. मला वाटायचं, लाज वाटतेय ते लोकांना दिसू नये म्हणून सांगतेय."

मी शेजारी बांधावर बसले. मला थंडी वाजत होती पण उठायची सोय नव्हती. शेवटी ते म्हणाले, तिला माहीत होतं. मला सांगायची पाळी आली असती, पण मी जायचंच बंद केलं.

मी म्हटलं, चला, पास्कबाईंना सांगू. ते म्हणाले, आपल्या तोंडच्या शब्दावर मॉरीन काय म्हणून विश्वास ठेवेल, मी तिच्यासमोर नाही म्हणून बसलोय. तेव्हाची माणसं गेली सगळी. मी म्हटलं, सिरिलकाका आहेत. आजोबा बादलीवरून उठले. सिरिलकडे मी काही मागणार नाही, एवढंच म्हणाले, आणि लीक घेऊन घरी गेले.

दुसऱ्या बैठकीला ते येतील असं मला वाटत नव्हतं. आले. तोच सूट. या वेळी वंशावळ नव्हती, हात रिकामे. मंडळाचे लोक, व्हिकर, पास्कबाई, बिस्किटांची बशी आणि बशीजवळ सिरिलकाका. आजोबा बसलेच नाहीत.

"मागच्या वेळी मी खोटं बोललो," ते म्हणाले. "आम्ही पाव घ्यायचो. माझ्या आईने घेतला, तिच्या सासूने घेतला. मी घेतलाय, माझ्या या हातांनी."

पास्कबाईंनी पेन उचललं. म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, आणि लिहायला लागल्या. म्हणजे संपलंच, असं मला वाटलं. मग आजोबा म्हणाले, "आम्ही आत उभं राहून घ्यायचो."

पेन थांबलं.

"कशाच्या आत?"

"कठड्याच्या."

 मग पास्कबाई हळू म्हणाल्या, असं कुणी बघितलंय का? म्हणजे विल्फ, तुमचा शब्द आहे, पण मला बिशपना कळवायचंय. आजोबांची मान खाली नाही, वर. त्यांनी सिरिलकाकांकडे बघितलंही नाही. मी बघत होते. सगळे हळूहळू बघायला लागले, कारण त्या वयाचं माणूस तिथे ते एकच होतं.

सिरिलकाकांनी बिस्किट बशीत परत ठेवलं. चावलेलं.

"मी बघितलंय," ते म्हणाले. "दर वर्षी. पिंजऱ्यातला लॉर्ड म्हणायचो मी त्याला."

मग त्यांनी जे सांगितलं ते आजोबांनीही पहिल्यांदा ऐकलं. एका लेडी डेला ते असेच हसले, तर त्यांच्या आईने चर्चमध्येच त्यांच्या कानशिलात दिली. म्हणाली, हसू नकोस, ते तिथे त्यांच्या हक्काने उभे आहेत, पलीकडून पाव देतायत ना, त्यांच्यापेक्षा यांचं रक्त जवळचं.

व्हिकरने विचारलं, हे इतकी वर्षं सांगितलं का नाही?

सिरिलकाका आजोबांकडे बघून म्हणाले, "सांगितलं असतं तर मग तुला काय म्हणून चिडवलं असतं, लेका?"

आजोबा म्हणाले, "दुसरं काहीतरी शोधलं असतंस. डोकं वापरायचं जरा."

मंडळात थोडी चर्चा झाली. एक जण म्हणाला की ही तर ऐकीव गोष्ट. पास्कबाईंनीच त्याला गप्प केलं. ज्या गावाने चारशे वर्षं पाद्र्याला आत घेतलं नाही, त्या गावाने चर खणणाऱ्याला पिढ्यान्पिढ्या दर वर्षी फाटक उघडून दिलं, ते काय दया आली म्हणून? त्यांनी हात वर केला. बाकीच्यांनी केला. सिरिलकाकांनी दोन्ही केले, ते एक मोजायला सांगितलं.

मला वाटतं काय झालं असेल ते सांगू? पुरावा नाही, मी आपलं म्हणते. डोरोथी कुठेतरी गावाच्या टोकाला, कुणाच्या तरी गोठ्यात पोराला घेऊन राहत असेल. लेडी डे आला. आत नवा मालक, नवऱ्याचा चुलतभाऊ, पाव वाटतोय, तिच्याच आजेसासऱ्याच्या थडग्यावरून. ती बाहेरच्या रांगेत शेवटी उभी राहिली असेल. आणि गावातल्या कुणीतरी, नुसतं काही न बोलता, फाटक उघडलं असेल. पाव तर घ्यावाच लागेल बाई, पण आत येऊन घ्या. घर परत देणं गावाच्या हातात नव्हतं. फाटक होतं. मग तो मुलगा चर खणायला लागला, त्याची मुलं खणायला लागली, कशासाठी आत उभे राहतो हे आई मुलाला सांगत आली, आणि आमच्या आजोबांपाशी येऊन ते तुटलं, कारण ते शहाणे बारा वर्षांचे होऊन रुसले.

लेडी डेला चर्च भरलं होतं. चॅपेलवालेही आलेले, मागे उभे, टोप्या हातात. आजोबा फाटकातून आत गेले, वळसा घालून थडग्याच्या पलीकडे. पावांच्या टोपल्या पास्कबाईंनी बाहेरूनच गजांवरून आत दिल्या, पाऊल न टाकता. व्हिकरने बाहेरूनच प्रार्थना म्हटली. आजोबांनी पहिला पाव उचलला आणि रांगेत सगळ्यात पुढे कोण, तर सिरिलकाका, हात पुढे करून.

आजोबांनी दिला नाही. पाव हातात धरून अलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले, जिथे ते उभे राहायचे. कुणाला काही कळेना. पास्कबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग फाटकाकडे.

मी गेले. जीन्स आणि चिखलाचे बूट, तशीच. आत जाताना खांदे मागे घेतले. लोखंड खरंच गार लागतं पाठीला, जॅकेटमधूनही. आजोबांनी सर अँब्रोजच्या जोडलेल्या हातांवरून पाव पुढे केला.  मी घेतला, दगडावर एकदा ठोकला. खाली जरा करपलेला होता.

मग सिरिलकाकांची पाळी. त्यांनी पाव घेतला आणि तसेच उभे. "आभारी आहे, लॉर्डसाहेब," म्हणाले, आणि वाट बघत राहिले, की हा काहीतरी बोलेल.

"ठोक आणि चालायला लाग," आजोबा म्हणाले. "मागे लोक उभे आहेत."